दहा गोळ्यांचा एक साक्षीदार

बबन, आळेफाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं एसटीतूनसुद्धा वाचता येतील एवढी मोठी. वरच्या ओळीत पाच पुढारी, खालच्या ओळीत सात, आणि मधे जी जागा उरली तिथे तू. फोटो त्यांनी तुझ्या ओळखपत्रावरचा घेतलाय. समोरच्यानं गोळी जिभेखाली लपवलीय आणि तुला ते कळलंय, असा बघतोयस त्यात. ते बाराही जण आपल्या भागातले, म्हणजे बाराही जणांच्या बोटाला तू कधी ना कधी सुई टोचलेली आहे. त्यांतला एक तुला बघून शाळेच्या खिडकीतून पळाला होता, आता तालुक्याचं नेतृत्व करतो.

तू कधी जन्मलास, किती वर्षं नोकरी केलीस, मागे कोण कोण आहे, हे सगळं दहाव्याच्या भाषणांत येऊन गेलं. त्यातलं मला काही सांगायचं नाही. मला आपलं भांडण पुढे न्यायचंय. ठकुबाईच्या गोळ्यांवरून आपण बारा-तेरा वर्षं भांडलो. त्या भांडणात तू खरा होतास आणि मी खोटा, हे तुला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. एवढं असूनही आपण इतकी वर्षं भांडलो कसे, याचंच मला आता नवल वाटतं.

आपलं काम म्हणजे एका गाडीचे दोन बैल. तू मलेरियावाला. दारोदार हिंडायचास, ताप आलेल्या माणसाचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचास. मी आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत बसून ती पट्टी रंगवायचो आणि त्यात हिवतापाचे जंतू शोधायचो. माझ्या यंत्राचं खरं नाव सूक्ष्मदर्शक, पण सगळा गाव त्याला दुर्बीण म्हणायचा, आणि तू मलाच दुर्बीण म्हणायचास. माझ्या बायकोसमोरसुद्धा. "वहिनी, दुर्बीण हाय का घरी?" असं विचारलंस की ती आतून ओरडायची, "आहे, पुसून ठेवलीय!"

गोळ्या खाऊ घालण्यात तुझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. ती क्लोरोक्वीनची गोळी म्हणजे कडूपणाची हद्द. लोक ती गालात धरायचे आणि तुझी सायकल वळली की थुंकायचे. म्हणून तू एक पद्धत काढलीस. गोळी गिळली की, "तोंड उघडा. जीभ वर. जीभ खाली. आता नाव सांगा, बापाचं नाव सांगा, आडनाव सांगा." तोंडात गोळी ठेवून माणसाला स्वतःचं पूर्ण नाव नीट सांगता येत नाही, हा तुझा शोध. लांब आडनावाच्या माणसांवर तुझा विशेष भरवसा असायचा. वारूळवाडीत एका आजोबांनी तुला चकवून गोळ्या तुळशीत पुरल्या, तर चार दिवसांनी तू त्यांच्या अंगणात उभा राहून, "आजोबा, तुळशीला ताप आलावता का?" असं विचारलंस. आजोबांनी पुढच्या खेपेला मुकाट्यानं गिळल्या.

असा तू, आणि तुझ्याच सेवापुस्तकात ठपका लागला तो 'रुग्णास गोळ्या न देता हलगर्जीपणा केल्याचा'.

तेव्हा नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. म्हाळूबाबांचा वाडा कोकणातून वर आला होता. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं असं चालतं गाव. दिवाळीनंतर घाट उतरून खाली जायचं, पाऊस यायच्या आत परत वर. येताना हे लोक मेंढ्यांबरोबर घाटाखालचा तापही घेऊन यायचे, आणि तोही मेंदूला चढणारा. फाट्याजवळच्या एका पडीक रानात कळप बसला होता. म्हाळूबाबांची बायको ठकुबाई घोंगडीखाली कुडकुडत होती. तू तिचं रक्त आणलंस, मी बघितलं, आणि बघताक्षणी सांगितलं, "वाईट जातीचा आहे. आजच गोळ्या सुरू कर. आज चार, उद्या चार, परवा दोन."

तू पिशवी उचललीस आणि दारात थांबून म्हणालास, "येतो का? कळप सुखरूप वर आला म्हणून म्हाळूबाबानं देवाला बकरं दिलंय."

बबन, मी देवभोळा माणूस नाही. पण देवाचं बकरं म्हटल्यावर नाही म्हणवलं नाही. मी मस्टरवर सही केली, पांढरा कोट खुर्चीला अडकवला, दुर्बिणीखाली एक पट्टी लावून ठेवली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की साहेब आत्ताच उठून गेलेत. आणि तुझ्या सायकलवर मागे बसलो. पहिल्या दिवशी मटण खाल्लं. दुसऱ्या दिवशी म्हाळूबाबांनी मुंडी राखून ठेवलीय असं कळलं. तिसऱ्या दिवशी पाये. बकऱ्याचे इतके भाग असतात हे मला कुणी शाळेत शिकवलंच नव्हतं. तिन्ही दिवस मस्टरवर मी आरोग्य केंद्रात होतो आणि तिन्ही दिवस रस्सा ओरपत ठकुबाईपासून दोन हातांवर बसलो होतो. तू तिला चार दिल्यास, चार दिल्यास, दोन दिल्यास. दहाही वेळा तोंड उघडायला लावलंस. दहाही वेळा तिनं नाव सांगितलं, आणि दहाव्या वेळी चिडून म्हणाली, "आरं, आता माज्या सासऱ्याच्या बापाचं बी सांगू का?"

ताप उतरला. बाई उठून मेंढ्यांमागे गेली. आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा पडली ती बोलेनाशी झाली. टेम्पोत घालून पुण्याला नेलं, शिरेतून दुसरं औषध दिलं, आणि ती वाचली. ती वाचली म्हणून आपण या गोष्टीवर हसू शकलो, हे मी कधी विसरलो नाही.

मग जीपमधून मोठे साहेब आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गोळ्या दिल्या असत्या तर ताप परत आला नसता, परत आला म्हणजे गोळ्या दिल्या नाहीत. त्या काळी आपण सगळेच असं मानायचो. गोळी खोटी ठरेल असं कुणाच्या मनातही नव्हतं, माणूस खोटा ठरणं जास्त सोपं. तू म्हणालास, "साहेब, माज्या हातानं दिल्या."

"साक्षीदार?"

मी रजिस्टर घेऊन तिथेच उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. खिडकीतून बाहेर जीपकडे बघत म्हणालास, "मेंढरं व्हती साहेब. तीनशे."

साहेबांना वाटलं तू त्यांची टिंगल करतोयस. हलगर्जीपणाबरोबर उद्धट वर्तनही लिहिलं गेलं, आणि तुझी बदली आणे गावच्या पठारावर झाली, जिथे पाणीच नाही तर डास कुठून असणार? मलेरियावाल्याला तिकडे पाठवणं म्हणजे कोळ्याला डोंगरावर पाठवणं. मी गप्प राहिलो. आधीच एकदा क्रिकेटच्या मॅचपायी मला लेखी ताकीद मिळाली होती, आणि मस्टरवर तीन दिवस खोट्या सह्या म्हणजे सरळ घरचा रस्ता. पोरं लहान होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली आणि ती काही खोटी नव्हती. पण साहेब गेल्यावर मी रजिस्टर उघडून उगाच पानं उलटत राहिलो, आणि ते तू बघितलंस हे मी बघितलं होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तू आण्याहून एसटीनं फाट्यावर आलास. मला वाटलं आता शिव्या देणार. तू दोन चहा सांगितलेस आणि म्हणालास, "दुर्बीण, गोळी हरली रे. जंतू शिकला."

शिव्या दिल्या असत्यास तर मी कदाचित पायच धरले असते. पण तू वाद घातलास. आणि वाद घालायचा म्हटल्यावर मी काय करणार? मी दुसरी बाजू घेतली. "जंतू काय शाळेत जातो?" मी म्हणालो.

"आपल्या शाळंपेक्षा बरा शिकतो."

"अरे, ती थुंकली असेल."

"नाव सांगितलं ना तिनं."

"मग ओकली असेल, मेंढ्यांच्या मागे जाऊन."

"तिथं कुत्री व्हती. कुत्र्यानं वकलेलं खाल्लं असतं तर कुत्रं कडू तोंड करून हिंडलं असतं. मी बघितलं कुत्र्याकडं."

तू खरंच कुत्र्याकडे बघितलं होतंस. तुझं काम असं होतं. आणि मी, ज्यानं दहाच्या दहा गोळ्या तिच्या पोटात जाताना बघितल्या होत्या, तो दर बाजाराला एक नवी शंका घेऊन यायचो. पत्र्याच्या डब्यात गोळ्या उन्हानं बिघडल्या असतील. नवा डास चावला असेल. ताकाबरोबर घेतल्या असतील. तू प्रत्येक शंकेला उत्तर द्यायचास, चहा संपवायचास, आणि शेवटच्या एसटीनं पठारावर परत. एकदाही, बबन, एवढ्या वर्षांत एकदाही तू म्हणाला नाहीस की, "लेका, तू तर तिथं व्हतास." मी वाट बघायचो. तू म्हणालास की मी मान्य करीन, असं ठरवून यायचो. तू म्हणायचाच नाहीस. मग मी पुढची शंका काढायचो.

नवं शतक लागल्यावर पुण्याहून त्या मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, गळ्यात कॅमेरा, हातात जाड टिपकागदांचे गठ्ठे. त्यांना धनगरांच्या वाड्यांवरून रक्ताचे थेंब हवे होते, कागदावर वाळवलेले, आणि वाडे कुठल्या रानात सापडतील हे सांगणारा एकच माणूस दोन तालुक्यांत होता. तुला पठारावरून बोलावून घेतलं. तू पहिली अट घातलीस, "आमच्या दुर्बिणीला बी संगं घ्या." मॅडमनी पेटीत ठेवायला म्हणून दुर्बीण मागवली, तर मी समोर येऊन उभा राहिलो.

त्यांनी आरोग्य केंद्रात सगळ्यांना बसवून समजावलं. बाहेरून बघितलं तर सगळे जंतू सारखेच, पण आत त्यांच्या जनुकांत खुणा असतात. एका ठरावीक जागी बदल झाला असेल, तर क्लोरोक्वीन त्या जंतूचं काही वाकडं करू शकत नाही. अशा खुणा तपासल्या की औषध कुठे चालेल आणि कुठे हरेल याचा अंदाज येतो. ताप परत आलेल्या माणसाचे आधीचे आणि नंतरचे असे दोन थेंब मिळाले, तर जुनाच जंतू तग धरून राहिला की नवा डास चावला, तेही कळतं. डॉक्टर मान डोलावत होते, पण त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. लग्नातल्या मंगलाष्टकांच्या वेळीही तो तसाच असायचा. म्हाळूबाबा दाढ दुखते म्हणून सहज आले होते आणि दाराशी उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "म्हंजी मेंढराच्या कानाची खूण की वं. बाहीरनं समदी सारकीच. कान बघितला की कळतं कुनाचं."

मॅडम म्हणाल्या, "बाबा, मी पुण्यात चित्रं दाखवून हे तासभर समजावते."

मग तू विचारलंस, "पर मॅडम, खूण बदललेला जंतू नेमकं करतो काय गोळीचं?"

"औषध त्याच्या पोटात जिथे शिरतं, त्या जागेतून तो ते बाहेर ढकलतो."

"थुंकतो म्हना की."

"हो. थुंकतो म्हणा."

तू सावकाश माझ्याकडे वळलास. तुझा तो चेहरा मला मरेपर्यंत दिसत राहील. "म्हंजी कुनीतरी थुंकलं, हे आमच्या दुर्बिणीचं खरंच निघालं. फकस्त मानूस चुकला." माझ्या नाकातून चहा बाहेर आला. मॅडमना काहीच कळलं नाही, पण आपण दोघं इतके हसलो की डॉक्टर जागे झाले.

त्यानंतर तू जो घोळ घातलास तो मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो, कारण तेवढ्या एकाच बाबतीत तू चुकला होतास आणि मला तो आनंद पुरवून पुरवून घ्यायचाय. वाड्यावरची माणसं रक्त द्यायला तयार होती, पण त्या थेंबाशेजारी नाव लिहू देईनात. नंबरही नको. रक्ताजवळ लिहिलेलं कुणाच्या हाती लागलं आणि कुणी करणी केली तर? त्यांना भीती होती आणि तू ती हसण्यावारी नेली नाहीस. तू म्हणालास, लिहायचंच नाही. कागदाच्या कडेला कात्रीनं खूण पाडू. ज्यानं त्यानं आपापली खूण सांगायची. म्हाळूबाबांनी सांगितलं डावीकडे एक चीर. तू कातरलंस. ठकुबाईनं सांगितलं डावीकडे एक चीर. तू कातरलंस. त्यांच्या लेकानं, सुनेनं, पुतण्यानं, सगळ्यांनी सांगितलं डावीकडे एक चीर, आणि तू इतक्या भक्तिभावानं कातरत गेलास की एकदाही थांबून कागद एकमेकांशेजारी ठेवून बघितले नाहीस. नंतर ज्यांचा ताप परत आला त्यांचे दुसरे कागदही तसेच. कुणी आजारी राहू नये म्हणून त्यांना लगोलग नवी गोळी दिलीस, ते मात्र चोख.

मॅडमनी पाकीट उघडलं. बावीस कागद, आणि खुणा तीन. कारण वाडे तीन होते.

मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. तू म्हाळूबाबांना विचारायला गेलास, "बाबा, समद्यांची खूण एकच कशी?" म्हातारा हसून हसून खोकायला लागला. "आरं, खूण मेंढरू कुनाचं ते सांगती. कंचं मेंढरू, ते आमी तोंडावरनं वळखतो!" कागदाला तोंड कुठलं? कुणाचा थेंब कोणता आणि आधीचा कोणता, नंतरचा कोणता, ते देवालाच ठाऊक. जंतूंच्या खुणा शोधायला निघालेला माणूस माणसांच्याच खुणा हरवून आला. मी ही गोष्ट सगळ्या जिल्ह्यात सांगितली. लग्नांत सांगितली. तुझ्या सुरेखाच्या लग्नात व्याह्यांना सांगितली.

पण मॅडम चिवट होत्या. काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. आधीचं-नंतरचं त्यांना जुळवता आलं नव्हतं, पण म्हाळूबाबांच्या वाड्याच्या खुणेच्या ज्या ज्या कागदावर जंतू सापडला, त्या प्रत्येकात बदललेली खूण होती. एकही सुटला नव्हता. तू ते पत्र फाट्यावर चहाच्या टेबलावर ठेवलंस, बशी बाजूला सारून.

"मग? ठकुबाई?" तू विचारलंस.

"हे आताचे जंतू," मी म्हणालो. "तेव्हाचे कुठे तपासलेत?"

मॅडमनीही मला तेच विचारलं होतं, ठकुबाईच्या त्या वेळच्या काचपट्ट्या आहेत का म्हणून. नव्हत्या. आपण पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायचो. तिचे जंतू केव्हाच साबणाच्या पाण्याबरोबर केंद्रामागच्या गटारात गेले होते. तिच्या बाबतीत पुरावा म्हणून जगात एकच गोष्ट उरली होती, आणि ती गोष्ट तुझ्यासमोर बसून खारी बुडवून खात होती. तू पत्राची घडी घातलीस आणि म्हणालास, "बरं. तेवाचे न्हाई तपासले, हे बी खरं."

आणखी काही वर्षांनी वरून फर्मान आलं. आपल्या भागात या तापाला जुनी गोळी द्यायची नाही, नवीन द्यायच्या. त्या दिवशी तू पेढे घेऊन माझ्या घरी आलास. बायको विचारायला लागली, कसले पेढे? तू म्हणालास, "वहिनी, एक गोळी वारली, तिचे." ती हसत आत गेली. मग तू पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरलास आणि पहिल्यांदाच, शेवटचंच, सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलंस, "तुला काई बोलायचंय का?"

मी म्हणालो, "पेढा ताजा आहे."

याहून मोठा नालायकपणा मी आयुष्यात केलेला नाही. तू एक पेढा तोंडात टाकलास आणि म्हणालास, "हाय खरा ताजा."

परवा तुझा दहावा झाला, मीना नदीच्या घाटावर. पिंड ठेवला तेव्हा मी पुढे सरकून उभा राहिलो. मनाशी ठरवलं होतं, कावळा अडला की पुढे होऊन सगळं सांगायचं. तो अडणारच याची मला खात्री होती. पहिल्या वक्त्याचं 'जमलेल्या तमाम' संपायच्या आत कावळा आला, घास उचलला आणि गेला. तुझी कसली इच्छाच राहिलेली नव्हती म्हणे. मला एवढा राग आला तुझा! मरूनसुद्धा माणसानं थोडं अडून बसायला काय हरकत होती?

भाषणं आठ झाली. एकानं तू पोलिओ घालवलास असं सांगितलं, एकानं नारू. हिवतापाचं नाव कुणी घेतलं नाही. शेवटी एक निवृत्त साहेब उभे राहिले आणि चांगल्या मनानंच म्हणाले, "नोकरीत एखादा ठपका कुणाला येत नाही? पण माणूस दिलदार होता."

तेवढ्यात बायकांतून ठकुबाई उठली. पंचाहत्तरीच्या पुढे गेलीय ती आता. आण्याहून नातवाच्या टेम्पोत बसून आली होती. तिला माईकची गरज नव्हती. सगळं आयुष्य तीनशे मेंढ्यांना हाका मारण्यात गेलेलं.

"ओ सायेब, कसला ठपका? गोळ्या मी खाल्ल्या. धाच्या धा खाल्ल्या. मी तवाच येनार व्हते सांगाया. ह्यो बबनच आडवा आला. म्हनला, मावशे, तू बोलाया लागलीस की लोक इचारतील, कुनी बघितलं? मंग तू दुर्बिनवाल्याचं नाव घेशील. त्येची पोरं ल्हान हाईत. गप ऱ्हा. म्हनून मी गप ऱ्हायले. आता त्योच गेला, आता मी कशापायी गप ऱ्हाऊ?" आणि तिनं सगळ्या घाटासमोर माझ्याकडे बोट केलं. "त्यो बगा, थितं उभा हाय. पान्याचा तांब्या त्येनंच धरला व्हता माज्या तोंडाला."

तांब्या, बबन. मी तांब्या धरला होता. तू गोळी द्यायचास आणि पाणी मी पाजायचो. इतकी वर्षं मला वाटत होतं मी नुसता बघत होतो.

मी माईकपाशी गेलो आणि सगळं सांगितलं. मस्टर, कोट, सायकल, मटण, मुंडी, पाये. पाये म्हटल्यावर लोक हसले, तुझ्या दहाव्याला लोक खळखळून हसले, आणि मीही हसलो, आणि सांगून झालं तरी माईक धरून तिथेच उभा राहिलो. साहेब खाली बघत होते. ठकुबाई म्हणाली, "बसा आता, लई उभं ऱ्हायलात," आणि मी बसलो.

लोक पांगल्यावर तुझी सुरेखा माझ्याजवळ आली. मला वाटलं ओरडेल. तिनं हळूच विचारलं, "काका, आप्पा होते तेव्हा का नाही बोललात?"

मी म्हणालो, नोकरी होती, पोरं लहान होती. ती म्हणाली, "तुम्ही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली की." तुझीच पोरगी. मी चपला शोधायला लागलो. घरी आल्यापासून उत्तर शोधतोय, आता सापडलंय, ते तिला नाही, तुला सांगतो. त्या दोन वर्षांत मला नोकरीची भीती नव्हती. मला तुझी भीती होती. तू चिडला असतास, दोन थोबाडीत दिल्या असत्यास, बोलणं टाकलं असतंस, तर मी पहिल्याच बाजाराला सांगून मोकळा झालो असतो. पण मला माहीत होतं तू काय करशील. मी सांगून संपवीन, तू जरा वेळ कप फिरवशील, आणि म्हणशील, "बरं झालं बोललास. आज चहा माज्याकडनं." आणि मग मला त्या चहासाठी तुझ्यासमोर बसावं लागलं असतं.